भिडेचा होकार

रोह्याला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते, त्या काकूंना कुणाचाही पहिल्या झटक्यात दिलेला होकार चालत नसे. "चहा घेशील?" असं विचारायच्या. आपण "हो" म्हटलं की त्या गॅसकडे न जाता तिथंच उभ्या राहायच्या. मग जरा वेळानं, आवाज अजिबात न बदलता, "घ्यायचाय का?" नवीन माणूस गोंधळून जाई. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आपण नीट बोललो नाही का, असं त्याला वाटे. जुने भाडेकरू ठरलेलं उत्तर द्यायचे, "काकू, घ्यायचाय, साखर कमी, आणि आता तिसऱ्यांदा विचारू नका." तेव्हा कुठं त्या हलायच्या.

कंपनीत लॅबला लागले तेव्हा मी त्यांची खोली बघायला गेले होते. माझं घर वडखळजवळ, गडब गावाला. शिफ्टमुळं रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. घराच्या मागच्या अंगाला काढलेल्या दोन खोल्यांपैकी एक त्यांनी मला दाखवली.

"आवडली?"

"हो."

"अंगणात एक चक्कर मारून ये, मग सांग."

मी चक्कर मारून आले. "आवडली काकू. छान आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटांत धरून त्याच्या बारीक घड्या घालत माझ्या हातांकडे बघत राहिल्या. तोंडाकडे नाही, हातांकडे. त्यांचं हे गप्प राहणं पुढं मी पुष्कळ पाहिलं, पण त्याची सवय मात्र कधीच झाली नाही. त्या रागावलेल्या नसत, कंटाळलेल्याही नसत. आपलं बोलणं अजून संपलेलं नाही आणि उरलेलं ऐकायला आपण थांबलोय, अशा थाटात उभ्या असत. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "मोरीचं दार नीट लागत नाही."

"हं," काकू म्हणाल्या. "आता बोललीस."

दुसऱ्या दिवशी सुतार आला.

त्यांचं म्हणणं असं होतं की पहिला होकार भिडेचा असतो. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस हो म्हणून टाकतो, आणि मग ते हो निस्तरत बसतो. "मला कुणाला निस्तरत बसवायचं नाही," त्या म्हणायच्या. त्यामुळं दारावर भाजी घेऊन येणारी बाई त्यांच्या पायरीवर टोपली टेकवण्याआधीच सांगून टाकायची, "काकू, मेथी कालची हाय, माठ आजचा हाय, आता मला विचारू नका." ती एकदा मला म्हणाली, "देवळात बोलावं लागत नाय एवढं खरं हितं बोलावं लागतं." विम्याचा एक एजंट आला होता, चांगला बोलका. काकूंनी त्याला विचारलं, "तू स्वतः काढलायस का हा विमा?" तो "हो तर" म्हणाला. काकू त्याच्या हातांकडे बघत बसल्या. त्यानं पाणी मागितलं, पाणी प्याला, कागद बॅगेत भरले, आणि "नाही काढलेला" असं म्हणून निघून गेला.

स्वतःच्या होकाराचंही तेच. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर त्या "बघते" म्हणायच्या. लोकांना तो शिष्टपणा वाटे. पण एकदा "येते" म्हणाल्या की काही झालं तरी जायच्या. एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, त्या दिवशी पलीकडच्या आळीत एक बारसं होतं. घरच्यांनीच ते पुढं ढकललं. काकूंना निरोप पोचला नाही. त्या गुडघाभर पाण्यातून, साडी वर खोचून, बाळाचं टोपडं डोक्यावर पिशवीत धरून तिथं हजर झाल्या. घरात सगळे सामान माळ्यावर चढवत होते. काकूंनी टोपडं दिलं, बाळाच्या गालाला हात लावला, आणि सामान चढवायला लागल्या.

काकूंचे यजमान पेणला असत. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते तिथं एका मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे आणि कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायचे. दर रविवारी सकाळच्या गाडीनं ते रोह्याला यायचे. हातात पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं, नखांच्या कडेला काळा रंग. दोघं जेवायचे, मग ओटीवर बसून पत्ते खेळायचे. काकू हरल्या की पत्ते पुन्हा पिसायला लावायच्या. संध्याकाळच्या गाडीला काका परत. काकू फाटकापर्यंत जायच्या, पुढं नाही. आळीतले लोक याबद्दल पुष्कळ काही बोलत. मला एवढंच दिसे की रविवारी त्या घरात हसण्याचा आवाज असतो.

तर अशा काकूंना माझ्या वडिलांनी आपणहून बरोबर बोलावलं, ते माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी.

आई मी कॉलेजात असताना गेली. आबांनी मला एकट्यानं सांभाळलं. शेतातला भात, त्यानंतरचा वाल, आणि मी, एवढाच त्यांचा संसार. माझी आधी काही स्थळं फिसकटली होती. कुणाला शिफ्टची नोकरी नको होती, कुणाला गडब फार लहान वाटलं. मग हे स्थळ आलं. मूळ रोह्याकडचेच, पण आता चिंचवडला राहणारे. मुलगा गाड्यांच्या कंपनीत. वडील नाहीत, घरी तो आणि आई. आम्ही दोघं फोनवर बोलायला लागलो होतो. तो हळू बोलायचा, मधेच थांबायचा, लॅबमध्ये मी काय करते ते खरंच समजून घ्यायचा. मला त्याच्या फोनची वाट बघायची सवय लागली होती. हे मी आबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असणार.

भेटायचं कुठं यावर मुलाच्या आईनंच तोडगा काढला. खोपोलीजवळ ते पाळण्यांचं मोठं पार्क झालंय, त्याच्या फाटकाबाहेर दुकानांची आणि हॉटेलांची अख्खी गल्ली आहे, तिथं बसू. तुम्हाला अर्धं अंतर, आम्हाला अर्धं. कुणाच्या घरी जाण्याचं दडपण नको.

आबा काकूंकडे आले आणि ओटीवर टेकले. "बायमाणूस बरोबर हवं. पोरीला आय नाय. तुमी चला."

काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. "मी आले तर गप्प बसणार नाही," त्या म्हणाल्या. "चालेल?"

"चालंल की. तुमी मोठ्या."

"चालेल का?"

"व्हय," आबा म्हणाले. त्यांना वाटलं, बाई मानपान करून घेतायत.

आम्ही दोघी एस.टी.नं गडबला उतरलो. तिथून आबांनी सांगितलेल्या गाडीनं वडखळ, पेण करत खोपोलीच्या रस्त्याला लागलो. आबांनी नवीन टोपी घातली होती आणि ती सारखी काढून गुडघ्यावर ठेवत होते. काकूंच्या मांडीवर त्यांची नेहमीची कापडी पिशवी होती. तिच्यात त्यांचा डबा आणि पाण्याचं फुलपात्र. ज्या हॉटेलची चूल बघितली नाही तिथलं त्या खात नसत.

ती गल्ली म्हणजे चित्रात असतं तसं एक परदेशी गाव होतं. गुलाबी-हिरव्या भिंती, पांढरे खांब, वरच्या मजल्यांना रंगवलेल्या खोट्या खिडक्या. खाली टोप्यांची, बाहुल्यांची, कपड्यांची दुकानं, मधे मधे हॉटेलं आणि आइस्क्रीमच्या गाड्या. पार्कातून बाहेर पडलेली माणसं ओल्या केसांनी, रबरी चपलांनी हिंडत होती. खांबाखांबावर गाणी चालू होती. आणि भिंतीपलीकडे तो मोठा उलटासुलटा पाळणा. थोड्या थोड्या वेळानं तो वरून खाली यायचा आणि त्यातल्या सगळ्या माणसांची एकदम किंकाळी उठायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आबांनी माझा दंड धरला.

काकूंनी एका दारावर टकटक केलं. भरीव भिंत होती, दार नुसतं रंगवलेलं. "कशाला काढतात असलं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही आत गेलो.

मुलाची आई उठून उभी राहिली. नीटनेटकी, हसतमुख बाई. बाजूच्या खुर्चीवर एक चकचकीत पिशवी होती, आणि पिशवीतून साडीच्या खोक्याचा कोपरा दिसत होता. ती खोक्याकडे बघून मग माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच मला कळलं की त्यांच्या बाजूनं सगळं ठरलेलं आहे. मुलगा फोटोपेक्षा बारीक होता. त्यानं आबांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघून, फोनवर थांबायचा तसाच थांबला आणि म्हणाला, "आलात."

काकूंनी डबा काढून टेबलावर ठेवला. वेटर धावत आला. बाहेरचं खाणं चालत नाही, तिकडे पाटी आहे.

"तू इथलंच जेवतोस का रे?" काकूंनी विचारलं.

"हो मॅडम."

काकू त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. त्यानं फडका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "नाही," तो म्हणाला. "डबा आणतो घरून." आणि तो निघून गेला. टेबलापलीकडे बसलेल्या आमच्या स्थळाच्या मुलाला हसू आलं. त्या टेबलावर तो मनापासून हसलेला मी तेवढाच पाहिला.

बोलणी सुरू झाली. मुलाची आई विचारी, आबा उत्तर देत. आबा विचारीत, मुलगा उत्तर देई. बायकोनं नोकरी केलेली चालेल? हो. शिफ्ट असली तरी? हो, काहीच हरकत नाही. गडबला येणं-जाणं ठेवाल ना, मी एकटा हाय? हो, हो, नक्की. आबा खुलत चालले. इतके नकार पचवल्यावर एवढे होकार एका बैठकीत त्यांनी ऐकले नव्हते. मीही खुलले होते. पण काकूंची बोटं टेबलाखाली पदराच्या घड्या घालायला लागली होती. ते मला दिसलं. मी मनात म्हणत होते, नको, आज नको.

"तुला लग्न करायचंय का?" काकूंनी विचारलं.

मुलाची आई हसली. "अहो, म्हणजे काय. त्यासाठीच तर आलोय."

"मी त्याला विचारते."

"हो," मुलगा म्हणाला.

बाहेर पाळणा खाली आला, किंकाळी उठली आणि विरली. काकू त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याचे हात टेबलावर होते. एका हातानं त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरला होता.

"करायचंय?"

"हो." या वेळी आवाज आला नाही, नुसते ओठ हलले.

"बाई, झालं आता," आबा हळूच म्हणाले. "पोरगा हो बोलतोय ना."

"पाणी पी," काकू त्याला म्हणाल्या. "आणि चल, मला ती दुकानं दाखव. मला एकटीला इथलं काही कळायचं नाही." आणि डबा तसाच टेबलावर ठेवून, पिशवी त्याच्या हातात देऊन, त्या उठल्यासुद्धा.

काचेतून आम्हाला ते दोघं दिसत होते. काकू पुढं, तो पिशवी घेऊन मागं. टोप्यांच्या दुकानासमोर थांबले, पुढं गेले, माणसांत दिसेनासे झाले. मुलाची आई आबांशी भाताबद्दल बोलत राहिली, पण तिचं लक्ष काचेकडे होतं. आबांचं पण. दोघांचंही बोलणं हळूहळू आटलं. वेटर येऊन काय आणू म्हणून विचारून गेला, आम्ही कुणी काही सांगितलं नाही. अजून एक किंकाळी. अजून एक. मग मी "बघून येते" म्हणून उठले.

गल्लीच्या टोकाला, आइस्क्रीमच्या गाडीमागं, झाडांच्या कुंड्यांचा एक बुटका कट्टा होता. तिथं तो बसला होता. काकूंची पिशवी त्यानं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. काकू शेजारी उभ्या होत्या.

"हिला सांग," काकू म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघू शकत नव्हता. "मला लग्न करायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. कोणाशीच करायचं नाही."

मी म्हटलं, "मग फोनवर एवढं..."

"तुमच्याशी बोलायला खरंच बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं."

"का पण?"

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "का ते आपण विचारायचं नाही. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल."

त्याचा चेहरा असा झाला होता की मला राग यायच्या ऐवजी भीती वाटली. त्याची आई त्या काचेमागं साडी घेऊन बसली होती. माझे आबा नवीन टोपी घालून बसले होते. मी म्हटलं, "मी सांगते तुमच्या आईंना. मला मुलगा पसंत नाही म्हणून सांगते. विषय संपेल."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. बुडत्या माणसासारखं बघितलं त्यानं माझ्याकडे.

"नाही," काकू म्हणाल्या. "आज तू सांगशील. पुढच्या मुलीच्या वेळी कोण सांगणार? ती अशीच तयार होऊन येईल. तिच्याबरोबर कदाचित विचारणारं कुणी नसेल."

"आईला सहन नाही होणार," तो म्हणाला.

"नसेल होणार. मला माहीत नाही. पण ते तिला ठरवू दे. तू तिच्या वतीनं ठरवू नकोस."

"मला नाही जमणार."

काकू पिशवीवरच्या त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. आमच्या पुढून कागदी मुकुट घातलेलं एक कुटुंब फोटो काढत गेलं. मला त्या क्षणी काकूंचा भयंकर राग आला. एवढ्या गर्दीत, एवढ्या गाण्यांत, त्या माणसाला त्यांनी पार उघडं पाडलं होतं आणि आता झाकायलाही देत नव्हत्या. पण तो उठला. पिशवी त्यानं काकूंना दिली आणि चालायला लागला. आम्ही मागं.

टेबलापाशी तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानंच बोलला. "आई, मला लग्न करायचं नाहीये. हिच्याशी नाही, कोणाशीच नाही. मी तुला आधी सांगायला हवं होतं."

मुलाची आई आधी हसली. मग आबांकडे बघून, "चेष्टा करतोय," असं म्हणाली. मग तिनं परत त्याच्याकडे बघितलं. तिचा हात साडीच्या पिशवीवर गेला आणि तिथंच राहिला.

"काय सांगितलंत तुम्ही माझ्या मुलाला?" ती काकूंना म्हणाली.

"काही सांगितलं नाही. विचारलं."

"तुम्ही कोण हो मुलीच्या?"

"घरमालकीण."

"घरमालकीण," ती म्हणाली. पुन्हा एकदा तोच शब्द उच्चारला, जणू तो शब्द तिला नवीन होता. आबा उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले. "ताई, आमचं काय चुकलं असंल तर..."

"तुमचं नाही हो," ती म्हणाली. ती उठली आणि बाहेर गेली. मुलगा आबांकडे, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, पण पाळणा नेमका तेव्हाच खाली आला आणि मला ऐकू आलं नाही. साडीची पिशवी खुर्चीवरच राहिली होती. ती घेऊन मी धावत पार्किंगला गेले. गाडीच्या काचेतून मुलाच्या आईनं ती घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही परतीला लागलो. पेणमध्ये रस्त्याकडेला बिनरंगाचे पांढरे गणपती वाळत ठेवले होते. आबा ते बघत राहिले, मी आबांना बघत राहिले. गडबला हायवेवर गाडी थांबली. काकूंना तिथून रोह्याची एस.टी. धरायची होती. त्या उतरल्या तसे आबाही उतरले.

"तुमाला आय म्हणून नेली व्हती," ते म्हणाले. ओरडून नाही. "पोरीचं चाललेलं मोडलंत. तो हो बोलत व्हता ना? लग्नानंतर समदे रुळतात. परत माझ्या दारी येऊ नका."

काकू "बरं" म्हणाल्या. आबा शेताच्या वाटेला लागले. मी दोघांच्या मधे उभी होते. मग मी आबांच्या मागं गेले. वळून बघितलं तेव्हा काकू थांब्यावर पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि समोरून ट्रक जात होते.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती, रोह्याला जावं लागलंच. काकूंनी माफी मागितली नाही. मी बोलणं टाकलं. येता-जाता खाली मान घालून जायची. चहाला हाक आली तर "नको." गावात काय काय बोललं जातंय ते फोनवर कळत होतं. मुलीतच काही खोट असणार, नाहीतर ठरलेलं कसं मोडतं. आबांनी देवळात बसायला जाणं बंद केलं. एक दिवस मी काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "मी खोली सोडते."

मला वाटलं आता त्या पुन्हा विचारतील. थांबतील, हातांकडे बघतील. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी वरमून परत फिरले.

दुसरी खोली मिळायच्या आतच मुलाच्या आईचा फोन आला. तिला काकूंना भेटायचं होतं. मी घाबरले. फोनवर तिचा आवाज अगदी सपाट होता. कधी येऊ, एवढंच तिनं विचारलं. मी काकूंना सांगितलं. "रविवारी बोलाव," त्या म्हणाल्या.

रविवारी ती एकटीच एस.टी.नं आली. चेहरा ओढलेला होता. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं. काका ओटीवर होते, ते पत्ते गोळा करून उठायला लागले. काकू म्हणाल्या, "बसा तुम्ही."

"तो तुम्हाला काय म्हणाला?" मुलाच्या आईनं थेट विचारलं. "मला सांगत नाही. मी रडले, जेवण सोडलं, नाही सांगत. तुम्हाला त्यानं सांगितलं असणार."

"मी विचारलं नाही."

"खोटं."

"विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "हे आमचे यजमान. पेणला असतात. पानं घेतलीयत, आधी जेवून घ्या."

ती जेवायला बसेल असं मला वाटलं नव्हतं. पण बसली. कदाचित भांडायचीही ताकद उरली नसेल. मी वाढत होते. पापड वाढताना तिचं लक्ष काकांच्या नखांकडे गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "पेणला एकटेच असता?"

"नाही," काका म्हणाले. "मित्र असतो. आम्ही दोघं असतो."

"बरीच वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून ओळख. एकत्र राहायला लागलो ते निवृत्तीनंतर."

माझा हात तसाच राहिला. मुलाच्या आईनं काकांकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा काकांकडे. काका खाली बघून भात कालवत होते. त्यांचे कान लाल झाले होते. काकूंनी त्यांच्या पानात आमटी वाढली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं काकूंना विचारलं.

"लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. ह्यांनीच सांगितलं. आधी ह्यांना कुणी धड विचारलंच नव्हतं. थोरल्या भावानं विचारलं, हे हो म्हणाले, झालं."

"मला धीर नव्हता," काका म्हणाले. "चूक माझी."

"हो, तुमचीच," काकू म्हणाल्या. "भात घ्या."

मी त्या पानांकडे बघत होते आणि मला ओटीवर पत्ते घेऊन बसलेली मी दिसत होते. रविवारची वाट बघणारी. हळू बोलणारा, मधेच थांबणारा चांगला माणूस आठवड्यातून एकदा येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. त्या गल्लीत काकू माझ्याबरोबर का आल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

"तुम्हाला राग नाही येत?" मुलाच्या आईनं विचारलं.

"येतो की," काकू म्हणाल्या. "सोमवारी येतो."

काका हसले. मग काकूही हसल्या. मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती. काकूंनी तिला रडू दिलं, उगाच पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. रडून झाल्यावर तिच्या पानात ताक वाढलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं काय ते मला खरंच माहीत नाही. वेगळंही असेल. पण तो बोलला. ह्यांना जे जमायला अर्धा जन्म लागला, ते तो उभ्यानं, सगळ्यांसमोर बोलला. तेवढं लक्षात ठेवा."

खोली मी सोडली नाही. लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. माझ्या नवऱ्याला काकूंनी किती वेळा विचारलं ते तो अजून सगळ्यांना रंगवून सांगतो. आबांनी काकूंना दारी बोलावलं नाही. काका-काकूंचं मी त्यांना कधी सांगितलं नाही, ते सांगणं माझं नव्हतं. पण हंगामात आबा वालाच्या शेंगांची पिशवी माझ्याबरोबर द्यायला लागले. "दे कुणाला द्यायची ती," असं म्हणायचे आणि बैलाकडे वळायचे.

त्या रविवारी मुलाच्या आईला सोडायला मी स्टँडवर गेले. खोपोलीवरून जाणारी गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. तिनं रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. समोर कलिंगडवाला फोडी कापत होता, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "तुला कसा वाटला होता गं तो? खरं सांग."

"आवडला होता," मी म्हटलं.

गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं, माणसं पुढं सरकली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"मला पण आवडतो गं," ती म्हणाली. "फार आवडतो." आणि गाडीत चढली.